एक नंबरचं पाकीट

बब्रूतात्यांनी आमच्या कारखान्यातली नोकरी तीनदा सोडली आणि तिन्ही वेळा त्यांचा राजीनामा मीच लिहून दिला. मी स्वतः त्याच कारखान्यात एकाच खुर्चीवर एकतीस वर्षं बसलो. खुर्चीचा वेत दोनदा बदलला, मी काही बदललो नाही. त्यामुळे कोणी आनंदानं नोकरी सोडतो हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा मला वाटलं की ह्या माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय.

कारखाना तेरखेड्याला, फटाक्यांचा. मी तिथला कारकून. हजेरी, पगार, कोण आलं, कोण गेलं, सगळं माझ्या वहीत. मूळचा लोहाऱ्याचा, आडनाव बिराजदार, स्वभाव भित्रा. फटाक्याच्या कारखान्यात भित्राच माणूस टिकतो असं आमचे मालक म्हणायचे, आणि ते मी कौतुक म्हणून घ्यायचो.

बब्रुवान सरवदे पॅकिंगला होते. अंगानं उंच, मांस बेताचं, कान मोठे. हसू आलं की आधी त्यांचे खांदे हलायचे आणि आवाज बऱ्याच वेळानं बाहेर पडायचा. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारा रडतोय. तेव्हा ते म्हातारेही नव्हते, पण तात्या म्हणायला लागलं की माणूस आपोआप दहा वर्षांनी वाढतो. कामाला वाघ. त्यांनी बांधलेलं खोकं कधी उसवलं नाही.

पहिल्या वेळी दिवाळीचा हंगाम उरकला आणि तात्या माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. म्हणाले, "बिराजदार साहेब, म्या सोडतो."

मी विचारलं, कुणी काही बोललं का? नाही. पगार कमी पडतो? नाही. दुसरीकडं लागली? तेही नाही. आमच्या वहीत 'कारण' असा एक रकाना होता, त्यात काहीतरी भरल्याशिवाय मला चैन पडत नसे. मी पेन उघडून बसलो. तात्या जरा विचार करून म्हणाले, "लिवा, खुशीनं." त्या रकान्यात मी आजवर प्रकृती लिहिली होती, घरगुती अडचण लिहिली होती, मुलीचं लग्न लिहिलं होतं. खुशी कधी लिहिली नव्हती. शुद्धलेखन बरोबर आहे ना, म्हणून दोनदा वाचून पाहिलं.

शेवटच्या पगाराच्या दिवशी तात्या कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. हा शर्ट वर्षभर ट्रंकेत असायचा आणि फक्त शेवटच्या पगाराला बाहेर निघायचा. त्यांची बायको त्याला राजीनाम्याचा शर्ट म्हणायची. तात्यांनी खुर्ची मागून घेतली, बसून पैसे मोजले, मग रिकामं पाकीट माझ्यासमोर ठेवलं. त्यावर किती दिवस भरले, किती कापले, किती दिले, हे माझ्याकडून लिहून घेतलं आणि खाली मालकांची सही. सही झाल्यावर मालकांना म्हणाले, "चला मालक, आता माझा चहा घ्या."

इथं आमच्या कारखान्याची एक गोष्ट सांगायला हवी. कुंपणाच्या आत जाळ चालत नाही. काडीपेटी, विडी, मोबाईल, सगळं फाटकावर काढून ठेवायचं. चहाची टपरीसुद्धा पार रस्त्याला, फाटकापासून चांगली चालत जायच्या अंतरावर. मालकांचा चहा थर्मासातून आत यायचा. मालक वजनदार, सगळ्याच अर्थानं, आणि फाटकापर्यंत पायी गेलेले त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, मागव की इथंच. तात्या म्हणाले, थर्मासातला चहा पाजायचा तर पगार कशाला सोडवून घेतला, ताजा घ्या, आणि आत जाळ चालत नाही हा नियम तुमचाच आहे.

नियम स्वतःचाच निघाला, तेव्हा मालक उठले. भर दुपारी ते डोक्यावर रुमाल टाकून निघाले. पुढे पांढऱ्या शर्टातले तात्या, मागे मालक, त्यांच्या मागे वही काखेत धरून मी. पॅकिंगच्या चाळीस बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. टपरीचा बाक आखूड, त्यामुळे दोघांना खांद्याला खांदा लावूनच बसावं लागलं. मालकांनी कपात फुंकर मारत विचारलं, "बब्रू, हे काय खूळ हाय रं?"

तात्या म्हणाले, "मालक, मधल्या पगाराला मालक आसतो. शेवटच्या पगाराला नसतो. तुमचं देणं फिटलं, माझं काम फिटलं. आता ऱ्हायली नुसती दोन माणसं. त्या दोघांनी चहा प्यायचा आसतो."

मालकांनी एक घोट घेतला. मग म्हणाले, चहा बरा आहे. उरलेल्या पैशाची तात्यांनी चाळीस बायांना भजी आणि जिलबी वाटली आणि संध्याकाळी रिकाम्या खिशानं, पण भरलेल्या ऐटीनं घरी गेले.

घरी मुक्ताकाकू होत्या, तात्यांच्या पत्नी. निम्म्या गावाचे ब्लाऊज त्या शिवायच्या. तात्यांचे मधले पगार त्यांच्या हातात यायचे, शेवटचा मात्र एकही कधी आला नाही. मी एकदा त्यांना विचारलं की तुम्ही रागवत कशा नाही. त्या मशीन न थांबवता म्हणाल्या, "घर माझ्या मशिनीवर चालतंय. ह्यांचं चालतंय चहावर. रागवून कुणाचं प्वाट भरलंय?"

तात्यांनी साखर कारखान्यात चिठ्ठ्या फाडल्या, पेट्रोल पंपावर नळी धरली, मंगल कार्यालयात खुर्च्या मोजल्या, बँडमध्ये झांजा वाजवल्या. सगळीकडं काम चोख, सगळीकडं राजीनामा खुशीनं, आणि सगळीकडं मालकाला चहा. फक्त धाराशिवच्या एका कापड दुकानदारानं त्यांना दमवलं. शेटजींचा हात आखडता होता, पण शेवटचा पगार त्यांनी पैशाला पैसा चुकता दिला. चहा म्हटल्यावर मात्र त्यांचा उपवास निघाला. तात्या म्हणाले, उपवासाला चहा चालतो. तर उपवास निर्जळी निघाला. दुसऱ्या दिवशी तात्या परत गेले, तर पित्त निघालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मनाई केलेली निघाली. नोकराच्या पैशाचा चहा पिणं शेटजींना कमीपणाचं वाटत होतं, एवढंच त्यातलं खरं. तात्यांनी काय करावं? ते शेटजींच्या डॉक्टरकडं गेले, तपासणीची फी भरली आणि स्वतःच्या नावानं केसपेपर काढून शेटजींसाठी चिठ्ठी लिहून घेतली. डॉक्टर रसिक असावेत. चिठ्ठीत लिहिलं होतं: चहा अर्धा कप, एकदाच, बब्रुवान यांच्यासोबत. शेटजींनी चिठ्ठी वाचली, दुकानातली गिऱ्हाइकं बघत होती, आणि मग त्यांना हसू आवरेना. कप पूर्ण प्यायले. पाकिटावर डॉक्टरांच्या फीची नोंदसुद्धा आहे, मी वाचली आहे.

आमच्याकडं तात्या दुसऱ्यांदा आले, दुसऱ्यांदा सोडून गेले, तिसऱ्यांदा आले. तोवर मालकांना साखरेचा आजार जडला होता आणि डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. ते ऐकत नसत. पण दिवाळी उलटली की माझ्या टेबलाशी येऊन हळूच विचारायचे, "बिराजदार, बब्रू औंदा सोडणार हाय का न्हाय?" तिसऱ्या राजीनाम्याच्या दिवशी मालक स्वतःच धुतलेला शर्ट घालून, पायात बूट चढवून फाटकाशी उभे होते. टपरीवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं, बिनसाखरेचा.

मग माझी पाळी आली. वयाची साठ वर्षं झाली, नारळ, शाल, हार, दोन शब्द. शेवटचा पगार कधी झाला ते मला कळलंही नाही. मी मंडईत वांगी निवडत होतो आणि खिशात मोबाईल टुणकन वाजला. बँकेचा मेसेज. मी तो वाचला, मोबाईल खिशात ठेवला आणि अर्धा किलो वांगी घेतली. एकतीस वर्षं अशी संपली.

संध्याकाळी हे मी तात्यांना सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे दुःख दिसलं ते माझ्या निरोप समारंभात कुणाच्या चेहऱ्यावर दिसलं नव्हतं. म्हणाले, मोबाईलवर आला तर आला, पण चहा कुणाला पाजला? दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बँकेत नेलं, सगळी रक्कम काढायला लावली, घरचं पगाराचं जुनं पाकीट शोधून त्यात भरायला लावली आणि मालकांसमोर उभं केलं. मालकांनी पाकिटावर सही केली. आम्ही टपरीवर गेलो. एकतीस वर्षं मी ज्या माणसासमोर मान खाली घालून उभा राहिलो, त्याच्या शेजारी बसून मी पैसे दिले, आणि त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. तात्यांचे खांदे हलत होते.

माझं पाकीट ठेवायचं कुठं, म्हणून तात्या मला घरी घेऊन गेले. त्यांची पाकिटं एका पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात होती, प्रत्येकावर नंबर घातलेला. माझी कारकुनी नजर. मी ती लावून पाहिली. दोन ते बारा. एक नंबर नव्हता.

"एक नंबर कुठंय?" मी विचारलं.

तात्या उठून अंगणात गेले. मुक्ताकाकूंनी मशीन थांबवली. मी त्यांना मशीन थांबवताना पहिल्यांदा पाहिलं. म्हणाल्या, "त्योच न्हाय म्हणून तर बाकीचे अकरा हायेत, साहेब."

मग त्यांनी सांगितलं. एकोणीस वर्षांचे असताना तात्या येडशीला स्टेशनाजवळच्या एका हॉटेलात लाकडं फोडायला लागले. मालकाला सगळे अण्णा म्हणत. रोज तीन रुपये आणि दोन वेळा चहा. गिऱ्हाइकांना कपबशीत, तात्यांना कान तुटलेल्या एका कपात. तो कप मागच्या भिंतीवर वेगळा ठेवलेला असायचा, चहा वरून ओतायचे, प्यायल्यावर तात्यांनी तो स्वतः विसळून परत भिंतीवर ठेवायचा. आम्ही बौद्ध, म्हणून, असं काकू म्हणाल्या, आणि पुढं आणखी समजावून सांगायची गरज नव्हती. अकराव्या दिवशी तात्या म्हणाले, अण्णा, मलाबी कानाच्या कपात द्या. बाकावरची माणसं हसली. तात्यांनी कप दगडावर आपटला आणि निघून आले. आठवड्यानं अकरा दिवसांचे पैसे मागायला गेले, तर अण्णा म्हणाले, आधी कपाचे दे. पैसे मिळाले नाहीत. तात्यांनी परत तिथं पाऊल टाकलं नाही.

म्हणजे हा माणूस पंचेचाळीस वर्षं नोकऱ्या धरत होता आणि सोडत होता, मालकामागून मालकाला आपल्या पैशाचा चहा पाजत होता, आणि ज्याला पाजायचा होता तो एकटा राहूनच गेला होता. मला एकदम लाज वाटली की ह्या सगळ्याला मी इतकी वर्षं गंमत समजत आलो. आणि मग मी माझ्या आयुष्यातला पहिला धाडसी शब्द बोललो. म्हटलं, तात्या, शर्टाला इस्त्री करा, उद्या येडशीला जायचं.

जीपमध्ये तात्या खिडकीशी बसले. मांडीवर कोरं पाकीट, कोपऱ्यात १ घातलेला. येडशी जवळ आल्यावर एवढंच म्हणाले, "न्हाय दिलं तर काय करायचं, ते म्या ठरवलंच न्हाय."

हॉटेल होतं. नवं फरशीचं, गॅसवरचं. गल्ल्यावर तिशीतला नातू, आणि त्याच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, डोक्याला टॉवेल गुंडाळून, अण्णा. पंच्याऐंशीच्या पुढचे. तात्या समोर उभे राहिले आणि म्हणाले, मी बब्रुवान, लाकडं फोडायला होतो. अण्णांनी त्यांच्यातून आरपार रस्त्याकडं पाहिलं. नातू अदबीनं म्हणाला, काका, आजोबांना आता कुणीच आठवत नाही, मीसुद्धा कधी कधी.

तात्या तसेच उभे. मला वाटलं, संपलं. मग ते हळूच म्हणाले, "कान तुटका कप, अण्णा. मागल्या भिंतीवरचा."

म्हाताऱ्याची नजर रस्त्यावरून परत आली. "तू फोडलास त्यो."

"व्हय. म्या फोडला."

"पैसं न देता गेलास."

"तुमी पगार न देता ठिवला."

हॉटेलातली गिऱ्हाइकं खायची थांबली. नातवाला काय समजायचं ते समजलं असावं. पोराचा चेहरा उतरला, त्यानं गल्ल्यातून पाचशेची नोट काढली आणि दोन्ही हातांनी पुढं केली. तात्यांनी ती त्याच्या खिशात परत ठेवली. म्हणाले, तुझ्याकडं माझं काही नाही बाळा, माझं ह्यांच्याकडं आहे, आणि ते तेहतीसच आहे.

अण्णा बोटांची पेरं मोजत होते. मोजून झाल्यावर म्हणाले, "अकरा दिवस. तेहतीस. कपाचे दोन कापणार."

माझं डोकं फिरलं. मी भित्रा माणूस, पण ओरडलो, की तुटक्या कपाचे दोन रुपये, आणि तेही ह्या माणसाकडून? शेजारी बघितलं तर तात्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, आता खरंच रडले. आणि मग आवाज आला. असं हसू मी कधी ऐकलं नाही. तात्या टेबलाला धरून हसत होते, हसताना डोळे पुसत होते, समोर शिरा खात बसलेला माणूस काही माहीत नसताना हसायला लागला, नातू हसायला लागला, मीही.

"कापा, अण्णा, कापा," तात्या म्हणाले. "मुद्दाम फोडला व्हता म्या. दोन रुपयाला स्वस्त पडला. पर पाकिटावर लिवा."

नातवानं लिहिलं: दिवस अकरा, तेहतीस, कपाचे दोन कापले, एकतीस दिले. अण्णांनी सही केली. नातवानं तीन दहाच्या नोटा आणि एक रुपया दिला. तात्यांनी ते अण्णांच्या हातात ठेवून त्यांच्या हातून परत आपल्या हातात घेतले, बसून मोजले आणि म्हणाले, तीन चहा.

चहा कागदी कपात आला. आता सगळीकडं तसाच येतो, कुणालाच कान नाही. तात्यांनी तो परत पाठवला. नातू पळत मागं घरात गेला आणि कानाचे दोन कप घेऊन आला, दोनच मिळाले, त्यामुळं माझ्या वाट्याला कागदी राहिला. दोन्ही कप अण्णांसमोर ठेवले गेले. अण्णांनी एक कप टेबलावरून तात्यांकडं सरकवला. मग थांबले, आणि बोटानं ढकलत ढकलत त्याचा कान तात्यांच्या बाजूला फिरवला. मला तेवढं पुरलं नसतं, तात्यांना पुरलं, आणि पगार त्यांचा होता.

अण्णांनी बशीत ओतून चहा घेतला. हात कापायला लागला तेव्हा तात्यांनी बशीला खालून हात लावला. मग तीस रुपये गल्ल्यावर ठेवून आम्ही निघालो. नातू पैसे घेईना, तात्या ठेवल्याशिवाय हलेनात. शेवटी नातवानं घेतले.

राहिला एक रुपया. तेरखेड्याला उतरल्यावर तात्या लांब ढांगा टाकत घराकडं निघाले आणि मी मागं जवळजवळ पळत होतो. त्यांनी तो रुपया मुक्ताकाकूंच्या हातावर ठेवला. काकूंनी रुपया उलटा करून पाहिला, पाकीट वाचलं, परत वाचलं. पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "पंचेचाळीस वर्सात शेवटच्या पगारातलं काय तरी घरात आलं म्हणायचं." रुपया पाकिटात गेला आणि पाकीट डब्यात, सगळ्यात वर.

पुढच्या वर्षी मी मुलाकडं पुण्याला राहायला निघालो. तात्या तेव्हा रस्त्यावरच्या एका शाळेत फाटकावर लागले होते. माझी एसटी शाळेसमोर थांबली. पाहतो तर तात्या स्टुलावर बसलेले, अंगात कडक इस्त्रीचा तो पांढरा शर्ट. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, तात्या, ही पण सोडली का? शेवटचा पगार झाला?

"न्हाय वो साहेब," तात्या म्हणाले. "आज मंगळवार हाय. घातलाय आपला."

गाडी हलली तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले होते. आवाज यायच्या आत आम्ही पुढं गेलो.